तळेगाव ढमढेऱ्याहून तांबट आळीकडे

शिरूर तालुक्यात वेळ नदीच्या काठी वसलेले तळेगाव ढमढेरे हे बाजाराचे गाव आणि पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी यांच्यात रस्त्याने सुमारे 40 किलोमीटरचे अंतर आहे. जुन्या नगर-पुणे मार्गाने हे अंतर कापणाऱ्या प्रवाशाला मराठी इतिहासाची तीन-चार शतके लागोपाठ भेटतात आणि अखेरीस तो अशा एका गल्लीत पोहोचतो, जिचे वय तिच्यातल्या इमारतींवरून ठरवता येत नाही. जुनी गल्ली म्हटली की सागवानी खांब, कोरीव महिरपी आणि कौलारू छपरे शोधण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. परंतु लढाया, आगी, महापूर आणि पुनर्बांधणी यांतून वारंवार गेलेल्या शहरात घरे दीर्घकाळ टिकत नाहीत. तिथे टिकते ती रस्त्याची रेषा, आणि त्या रेषेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काम. तांबट आळीचे महत्त्व या दृष्टीने पाहिल्यावरच नीट ध्यानात येते, आणि तिच्याकडे तळेगावाहून निघून जाण्याला अर्थ आहे तो याच कारणाने.

महाराष्ट्रात तळेगाव नावाची अनेक गावे असल्यामुळे ओळख पटावी म्हणून गावाच्या नावापुढे तेथील मातबर घराण्याचे आडनाव जोडण्याची रीत पडली. मावळातले तळेगाव सेनापती दाभाडे यांच्यामुळे तळेगाव दाभाडे झाले, तर भीमा खोऱ्यातले हे तळेगाव ढमढेरे या मराठा सरदार घराण्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. देशावरील गावांची जमीन परंपरेने दोन भागांत मोडते : पिकाखालच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात, आणि वस्तीच्या जागेला, जिच्या मातीत पिढ्यांची राख, चुना आणि पडक्या भिंतींची माती मिसळून तिचा रंग पालटलेला असतो, ‘पांढरी’ म्हणतात. गावावर संकट आले, लोक परागंदा झाले, घरे जमीनदोस्त झाली, तरी परत येणारी माणसे सहसा त्याच पांढरीवर, जुन्या पायांच्या आधाराने घरे उभारीत. कारण वतने, मानपान, देवस्थाने आणि विहिरीचे हक्क त्या जागेशी बांधलेले असत. गावातल्या पेठेची, म्हणजे दुकानांच्या ओळीची, जागादेखील म्हणूनच सहजासहजी हलत नसे.

तळेगाव ढमढेऱ्याने असे संकट 1751 च्या अखेरीस अनुभवले. निजाम सलाबतजंग आणि त्याच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी बुसी यांची फौज अहमदनगरकडून पुण्याच्या रोखाने निघाली असता कुकडी नदीजवळ चंद्रग्रहणाच्या रात्री तिने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला, आणि पुढे सरकताना रांजणगाव लुटले व तळेगाव ढमढेरे पूर्णपणे उद्ध्वस्त केले, अशी नोंद ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. त्यानंतर मराठ्यांनी या फौजेवर जोराचे हल्ले केले, ती कोरेगावपर्यंत येऊन ठेपली, पण पुण्यात शिरू शकली नाही. पैसा आणि रसद यांची चणचण भासू लागल्याने तिला माघार घ्यावी लागली आणि 1752 च्या आरंभी तह झाला. राजधानी वाचली ती वाटेवरच्या गावांनी आघात सोसल्यामुळे, ही गोष्ट पेशवाईच्या इतिहासात फारशी ठळकपणे सांगितली जात नाही. वास्तविक पुण्याच्या वैभवाचा हिशेब मांडताना नगर रस्त्यावरच्या या गावांचा वाटा आधी मांडला पाहिजे, कारण शहराला धान्य, बैल, माणसे आणि गरज पडली तर वेळकाढूपणाची संधी देणारी हीच गावे होती.

तळेगावाहून चार-पाच किलोमीटरवरच्या शिक्रापूरला आले की हमरस्ता लागतो. आज त्याच्या दोन्ही अंगांना सणसवाडीपर्यंत कारखाने, गोदामे आणि अवजड वाहनांच्या रांगा असल्या, तरी या रस्त्याची मूळ दिशा फौजांची आणि व्यापारी तांड्यांचीच आहे. कोरेगाव भीमा येथे एक फाटा वढू बुद्रुकला जातो; 11 मार्च 1689 रोजी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केल्यानंतर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाल्याचे हे स्थान असून तेथे त्यांची समाधी आहे. भीमेचा पूल ओलांडताच पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभ दिसतो. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरहून निघालेली कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे आठशे सैनिकांची तुकडी, जिच्यात महार शिपायांचा मोठा भरणा होता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेशी दिवसभर झुंजली, त्या लढाईची ही खूण. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे येऊन अभिवादन केले, तेव्हापासून या स्तंभाला युद्धस्मारकाच्या पलीकडचा, आत्मसन्मानाचा अर्थ लाभला आहे. पुढे लोणीकंद, आणि मग वाघोली : पिलाजी जाधवरावांची वाघोली, जिथल्या वाघेश्वर मंदिराभोवती आता बहुमजली इमारतींचा वेढा पडला आहे.

खराडीपासून पुणे सुरू होते. 1892 मध्ये बांधलेला आगाखान महाल, जिथे 1942 मध्ये महादेवभाई देसाई आणि 1944 मध्ये कस्तुरबा गांधी यांचे बंदिवासात निधन झाले, आणि 1932 च्या पुणे कराराशी जोडलेला येरवड्याचा तुरुंग मागे टाकून नदी ओलांडली की मंगळवार पेठ लागते. या पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. त्यात मोडक्या घड्याळांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत काहीही मिळते, आणि त्याच पसाऱ्यात कुठेतरी काळपट पडलेला बंब, पोचे आलेला हंडा किंवा कान तुटलेले घंगाळ हमखास पडलेले असते. कधीकाळी हीच भांडी पुण्यातल्या कारागिरांच्या हातून घडून लग्नाच्या रुखवतात मांडली गेली, बैलगाडीने गावोगाव पोहोचली, आणि घराघरांत गॅसचा बंब व विजेचा गिझर आल्यावर मोडीच्या भावाने परत शहरात आली. तांबट आळीकडे जाणाऱ्या प्रवाशाने या बाजारातून जावे ते यासाठी की, पुढे जे घडताना दिसणार आहे त्याचा शेवट कुठे होतो हे आधी कळलेले बरे.

जुन्या बाजारापासून कुंभारवेशीच्या बाजूने कसबा पेठेत शिरता येते. ‘कसबा’ हा मूळ अरबी शब्द मध्ययुगीन महाराष्ट्रात परगण्याच्या ठाण्याच्या गावासाठी, म्हणजे जिथे अंमलदार, बाजार आणि कारागीर एकत्र नांदत अशा मोठ्या गावासाठी रूढ झाला. पुण्याचा कसबा हा शहराचा मूळ गाभा होय. मात्र या परिसराच्या नावाचा इतिहास त्याहूनही मागे जातो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 690 चा, म्हणजे इ.स. 768 चा जो दानपत्राचा लेख अभ्यासकांत ‘तळेगाव ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो, त्यात ‘पूनक विषय’ असा उल्लेख आहे. ‘विषय’ म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. पुण्याच्या नावाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला आहे, आणि त्याच पुण्याच्या गाभ्यात तांब्याचा पत्रा ठोकणाऱ्यांची आळी आहे, या योगायोगाची नोंद घेतल्यावाचून राहवत नाही.

या कसब्याने नाश अनेकदा पाहिला. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर काही वर्षांतच जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे येथे आले, लाल महाल उभा राहिला, परंपरेनुसार त्याच जमिनीवर सोन्याचा नांगर धरला गेला आणि कसबा गणपती हे ग्रामदैवत म्हणून पुजले जाऊ लागले. पुढे 1763 मध्ये निजाम अलीने पेशवे दूर असल्याची संधी साधून पुण्यात लूट आणि जाळपोळ केली. त्याच वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनच्या लढाईत त्याचा पुरता पराभव झाला, पण शहराची जळालेली घरे पुन्हा उभारावी लागली ती लागलीच. 27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्याला आग लागून आतले महाल भस्मसात झाले. 1897 च्या प्लेगने पेठाच्या पेठा ओस पाडल्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेच्या पाण्याने कसब्याच्या नदीकडच्या भागासह शनिवार व नारायण पेठांतील असंख्य माती-विटांचे वाडे कोसळवले. आजच्या कसब्यात उभ्या असलेल्या घरांपैकी अस्सल पेशवेकालीन म्हणता येतील अशी थोडीच आहेत. तरीही साततोटीपासून पवळे चौकापर्यंत, माणिक चौकापासून फडके हौदापर्यंत पायी फिरणाऱ्याला गल्ल्यांची वळणे, चौकांचे आकार आणि बोळांची तोंडे यांत एक विलक्षण सातत्य जाणवते. साततोटी आणि फडके हौद ही नावेच मुळी कात्रजच्या तलावापासून नानासाहेब पेशव्यांनी आणलेल्या नळाच्या पाण्याची आणि ते साठवणाऱ्या हौदांची आठवण आहेत.

पुण्याच्या वाढीचे एकक पेठ हे होते. नवी पेठ वसवताना सरकारातून ‘कौल’ दिला जाई, म्हणजे येणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना ठरावीक काळ करांत सूट व संरक्षणाचे लेखी अभय मिळे. पेठेची व्यवस्था पाहण्यासाठी शेटे आणि महाजन हे वतनदार नेमले जात. पेठेच्या पोटात आळ्या असत. आळी म्हणजे एकाच व्यवसायाच्या किंवा समाजाच्या घरांची ओळ, जिथे शेजारी हाच भागीदार, सोयरा आणि प्रतिस्पर्धीही असतो. बोळ ही नुसती जाण्यायेण्याची अरुंद वाट. आळीला मात्र स्वतःचे देऊळ, स्वतःचा पंच आणि स्वतःच्या कामाचा वास किंवा आवाज असतो. कसब्यात आणि त्याच्या आसपास कुंभार, बुरूड, शिंपी, भोई यांच्या अशा वस्त्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांची आता फक्त नावे उरली. तांबट आळीत नाव आणि काम अद्याप एकत्र आहेत, हे तिचे वेगळेपण.

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा कारागीर. पुण्यातले तांबट मुख्यत्वे त्वष्टा कासार समाजाचे. वैदिक परंपरेत इंद्रासाठी वज्र घडवणारा जो देवशिल्पी त्वष्टा, त्याच्याशी हा समाज आपले नाते सांगतो, आणि कालिका ही त्यांची कुलदेवता आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या राजधानीला भांड्यांची, शिक्क्यांची आणि लष्करी सामानाची गरज वाढली तेव्हा यांतली अनेक कुटुंबे कोकणातून घाटावर येऊन कसब्यात स्थिरावली, अशी परंपरा आळीत सांगितली जाते. हजारोंच्या भोजनावळी घालणाऱ्या शहरात मोठी तपेली, पाण्याचे हंडे, पूजेची ताम्हणे, पळी-पंचपात्री, देवळांचे कळस आणि नगाऱ्यांची तांब्याची पिंपे यांना तोटा नव्हता. पेशवाई बुडाल्यावर राजाश्रयावर जगणारे कितीतरी धंदे संपले, पण हा संपला नाही; उलट 1858 मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे पुण्यापर्यंत पोहोचल्यावर परदेशातून येणारा तयार, लाटलेला पत्रा सहज मिळू लागला, कच्च्या तांब्याच्या लादीपासून पत्रा ठोकण्याचे कष्ट वाचले आणि उत्पादन वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्या-पितळेची भांडी हा पुण्याच्या प्रमुख उद्योगांपैकी एक होता. आगगाडी आणि विलायती पत्रा यांनी देशी कारागिराला नेहमीच मारले असे सरसकट म्हणण्याची जी प्रथा आहे, ती तांबट आळीच्या बाबतीत तरी दुरुस्त करावी लागते.

आळीतले काम पाहण्यासारखे आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज तिचा आवाजही समजत नाही. तांब्याचा पत्रा परकाराने आखून कात्रीने गोल कापला जातो. तो ठोकत गेले की कडक होत जातो, कारण घावागणिक धातूच्या आतली सूक्ष्म रचना दबून एकमेकींत अडकते, आणि तसाच ठोकत राहिले तर पत्रा तडकतो. म्हणून ठरावीक टप्प्यावर भांडे भट्टीत लालसर तापवून पुन्हा मऊ केले जाते. पोलाद तापवून एकदम पाण्यात बुडवले तर कडक होते; तांब्याचे तसे नाही, ते तापवल्याने मऊच पडते. तापवणे, ठोकणे, पुन्हा तापवणे या क्रमाने सपाट चकतीला हळूहळू खोली येते. उंच भांड्यांचे भाग वेगवेगळे करून मग सांधतात. पितळेचा कीस आणि टाकणखार सांध्यावर पसरून भट्टीत धरले की पितळ वितळून सांधा भरतो, या क्रियेला झाळणे म्हणतात. टाकणखार तापलेल्या धातूवर चढणारा मळ विरघळवतो, त्यामुळे सांधा पक्का बसतो. भट्टीतून काळे पडून निघालेले भांडे चिंचेच्या पाण्यासारख्या आंबट द्रवाने घासले की त्याचा मूळचा गुलाबी रंग उघडा होतो.

यानंतरची पायरी म्हणजे मठारकाम, आणि पुण्याच्या तांबटांची कीर्ती आहे ती यातच. भांडे जमिनीत रोवलेल्या लोखंडी आधारावर धरून, घासून गुळगुळीत केलेल्या हातोडीने त्याच्या सर्वांगावर एकसारखे ठोके देत जाणे, म्हणजे मठारणे. प्रत्येक ठोक्याचा एक लहान, चकचकीत, गोल ठसा उमटतो; ठसे सरळ ओळींत, एकमेकांना खेटून, पण एकमेकांवर न चढता पडावे लागतात. एका हाताने भांडे फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने घाव घालायचा, दोन्हींचा वेग जुळला नाही तर ओळ वाकडी जाते आणि ती पुसता येत नाही. पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते, परंतु तिचे मूळ प्रयोजन भांड्याला बळकटी आणणे हे आहे. शेवटच्या या ठोक्यांनी पत्र्याचा पृष्ठभाग घट्ट होतो, भांडे सहज दबत नाही आणि पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. शोभा ही इथे मजबुतीतून निघाली आहे, आणि उत्तम कारागिरीची व्याख्या यापेक्षा निराळी करता येईल असे वाटत नाही.

आळीचा आवाज या मठारकामाचा. सपाट पत्र्यावरचा घाव बद्द वाजतो, खोल हंड्यावरचा घुमतो, झाळून पुरा झालेल्या बंबावरचा जवळजवळ घंटेसारखा निघतो; त्यामुळे जाणत्या माणसाला बंद दाराबाहेरूनही आत काय घडते आहे ते ओळखता येते. एके काळी दोन्ही अंगांच्या कारखान्यांतून दिवसभर हा नाद चाले आणि आळीतली माणसे उंच स्वरात बोलत. ही मोहक बाजू सांगताना तिची किंमतही सांगितली पाहिजे : आयुष्यभर हातोडीखाली बसलेल्या कारागिराला उतारवयात कमी ऐकू येणे, खांदे आणि मनगटे कायमची दुखणे, भट्टीच्या धुराने छाती भरणे हे या व्यवसायाचे नित्याचे भोग आहेत. तरुण मुलांनी दुसरी नोकरी पत्करली तर त्यांना परंपरा सोडल्याचा दोष देण्याचा अधिकार बाहेरच्या कौतुक करणाऱ्यांना पोचत नाही.

तांब्याच्या भांड्याबरोबर कल्हई येते. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या उघड्या पृष्ठभागावर राहिला की धातूचे क्षार पदार्थात उतरतात, त्याला हिरवट छटा आणि तोंड आंबवणारी चव येते व तो पोटाला बाधतो. याला अन्न ‘कळकणे’ म्हणतात. ते टाळण्यासाठी भांड्याला आतून कथिलाचा पातळ थर देतात. कथील 232 अंशांवर वितळते, तर तांबे वितळायला 1085 अंश लागतात. या मोठ्या फरकामुळेच तापलेल्या भांड्यात कथिलाची कांडी टेकवून, नवसागर टाकून, कापसाच्या किंवा कापडाच्या बोळ्याने तो चमकता थर क्षणार्धात पसरवता येतो. नवसागराचा पांढरा धूर आणि काळवंडलेल्या भांड्याचे एकाएकी चांदीसारखे उजळणे हे दृश्य महाराष्ट्रातल्या दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्यांनी कैक पिढ्यांना दाखवले. तळेगावासारख्या गावांत आठवडे बाजारच्या दिवशी कल्हईवाला आपला भाता आणि भट्टी मांडून बसे. शहरातल्या आळीत घडलेल्या भांड्याचे आयुष्य गावातल्या या माणसाच्या हातांनी वाढत असे. शहर आणि गाव यांच्यातला हा धागा तुटला, तिथेच तांबटाच्या धंद्याचा खरा ऱ्हास सुरू झाला, कारण कल्हई करून देणारा नसेल तर तांब्याचे पातेले घेण्यात गृहिणीला काय स्वारस्य राहणार?

आळीची बांधणी कामाला धरूनच झालेली दिसते. रस्त्याच्या बाजूला उघडा ओटा आणि कारखाना, मागे चौक, चौकाभोवती पडवी आणि माजघर, वरच्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या, असा वाड्याचा ढाचा. भट्टीचा धूर चौकातून वर जावा आणि पत्र्याचे ओझे दारापर्यंत आणता यावे, याची सोय आधी आणि घराची शोभा मागाहून. जुन्या घरांत तळाशी दगडी जोते, त्यावर भाजक्या विटा, सागवानी सांगाडा आणि पांढऱ्या मातीची भर असते. त्यांच्या शेजारी आता सिमेंटच्या चार-पाच मजली इमारती आहेत, आणि अशा इमारतींच्या तळमजल्यावरही काही ठिकाणी ठोकाठोकी चालू असते. जुन्या वास्तूंवर प्रेम करणाऱ्या प्रवाशाला ही मिसळ खटकेल. पण आळीचा विचार कामाच्या अंगाने केला तर सिमेंटच्या छताखाली मठारला जाणारा हंडा हा रिकाम्या कोरीव वाड्यापेक्षा आळीचा अधिक खरा वारसदार ठरतो.

धंद्याला उतरती कळा लागली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. आधी ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील. ते हलके, कल्हईची गरज नसलेले आणि घासायला सोपे. बंब हे तांबटाच्या कमाईचे मोठे साधन होते. मध्ये विस्तवाची नळी आणि भोवती पाणी अशी त्याची साधी पण हुशारीची रचना असे, आणि तो घडवायला सगळे कौशल्य पणाला लागे. स्वयंपाकघरातून चूल आणि न्हाणीघरातून लाकूड-कोळसा गेल्यावर बंबाची जागा गिझरने घेतली. यंत्रावर फिरवून काढलेली तांब्याची स्वस्त भांडी बाजारात आली आणि हाताने ठोकलेल्या भांड्याचा दर ग्राहकाला अवाजवी वाटू लागला. कसब्यातल्या जागांचे भाव चढत गेले तसा कारखान्यापेक्षा इमारतीतला गाळा फायद्याचा झाला.

गेल्या दोन दशकांत मात्र वारसाजतनाचे काम करणाऱ्या इंटॅकच्या पुणे शाखेने या कारागिरांकडे लक्ष वळवले, आणि हंड्या-बंबांऐवजी आजच्या घरात वापरता येतील असे पाण्याचे जग, पेले, वाडगे, ताटे आणि दिव्यांच्या छत्र्या त्याच मठारकामात घडवण्याचा प्रयत्न सुरू झाला. घाट नवा, हात जुना, अशी ही तडजोड आहे. तिच्याबद्दल नाक मुरडणारे आहेत. परंतु तांबटांनी पेशव्यांच्या काळी लष्करासाठी, इंग्रजी अमदानीत घरगुती बाजारासाठी आणि नंतर देवळांसाठी आपले घाट बदललेच होते. भांड्याचा आकार गोठवून ठेवणे म्हणजे परंपरा राखणे नव्हे, आणि शहरी ग्राहकाने योग्य दाम मोजले तर या कामात तरुण हात टिकण्याची शक्यता निदान निर्माण तरी होते.

खरा धोका दुसरीकडे आहे. पुणे महानगरपालिकेची वारसास्थळांची यादी इमारतींना श्रेणी देते. मंदिर, वाडा, वेस तिच्यात बसतात, पण चालू कारखाना, भट्टीची जागा किंवा गल्लीची रेषा बसत नाही. विकास आराखड्यातील रस्तारुंदीचे तत्त्व असे की, जुने घर पाडून नवे बांधताना ते आखलेल्या नव्या रेषेपर्यंत मागे घ्यावे लागते. एकेक घर असे मागे सरकत गेले की मुरार जगदेवाच्या नांगराला आणि पानशेतच्या पुराला जे जमले नाही, ते काही दशकांच्या पुनर्विकासात सहज घडून जाईल. कसबा पेठेच्या पोटातून आता मेट्रो धावते, 2024 च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या मार्गावर याच नावाचे भुयारी स्थानक आहे, आणि त्यामुळे इथल्या जागेची मागणी वाढणार हे उघड आहे. ज्या आळ्यांत मूळचा व्यवसाय आजही चालतो, त्यांना रस्तारुंदीच्या सरसकट नियमांतून वगळावे, तिथल्या कारखान्यांच्या जागा पुनर्विकासात त्याच कारागिरांसाठी तळमजल्यावर राखून ठेवाव्यात, आणि धूर व आवाज यांवरचे आधुनिक उपाय त्यांना सवलतीत पुरवावेत, एवढे तरी महापालिकेने केले पाहिजे. अठराव्या शतकातले सरकार कौल देऊन कारागीर बोलावीत असे. एकविसाव्या शतकातल्या महापालिकेला आहेत त्यांना राहू देण्याचा कौल देणे अशक्य नाही.

तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर किंवा पुण्याच्या कुठल्याही उपनगरातून तांबट आळीत जाणाऱ्याने सुट्टीचा दिवस टाळून कामाच्या दिवशी, सकाळी उशिरा जावे, कारण तेव्हा भट्ट्या पेटलेल्या असतात. दारात उभे राहून छायाचित्र घेण्याआधी आत बसलेल्याची परवानगी विचारावी. आणि घरातल्या माळ्यावर आजीच्या काळचे तांब्याचे पातेले किंवा बंब पडला असेल तर तो मोडीत घालण्यापूर्वी या आळीत आणून झाळून, मठारून, कल्हई करून घ्यावा; ते काम करणारे हात आजही तिथे आहेत.